व्हारेओरिनोतली रात्रपाळी

दुपारी ४. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, व्हारेओरिनोच्या जंगलाच्या तोंडाशी आमची पाळी बूट घासण्यापासून सुरू होते. तळव्याच्या खाचांतली माती ब्रशने काढायची, मग जंतुनाशक मारायचं. कायट्रिड बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आणि ती ओल्या मातीतून पसरते. याच बेटावरच्या कोरोमंडलमध्ये, आम्ही इथे मोजतो त्या आर्चीच्या बेडकांची संख्या १९९६ नंतर पाच-सहा वर्षांत कोसळली. म्हणून इथे टाळाटाळ करणाऱ्याला मी जंगलात येऊ देत नाही.

५.३०. चढण, चिखल, उंदरांचे सापळे.

रात्री ९. अंधार पडला की डोक्याला दिवा बांधून, आखलेल्या चौकोनात रांगत शोध. आर्चीचा बेडूक लिओपेल्मा या वंशातला, आणि त्यातले नर मादीला साद घालत नाहीत. त्यांना स्वरकोष नाही, कानाचा पडदा नाही. तेव्हा सगळी भिस्त नजरेवर.

९.४०. नेच्याच्या पानावर पहिला दिसला. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, तपकिरी-हिरवा, अंगावर काळे डाग, डोळ्यांची बाहुली गोल. हात जवळ नेताच चारही पाय ताठ करून तो उंच झाला. पळून जाण्याऐवजी हे असं उभं राहणं मला फार आवडतं. नवे हातमोजे घालून त्याला उचलायचं, वजन करायचं, लांबी मोजायची आणि आरशांच्या चौकटीत ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते, तिच्यावरूनच पुढच्या खेपेला ओळख पटते. पुढच्या बेडकाला हातमोजे पुन्हा नवे.

१२. थर्मासमधला चहा आणि नेहमीचा वाद. या बेडकांचं कुळ कोणतं? त्रिकास्थीच्या पुढे मणके नऊ, जिथे इतर बेडकांना आठ किंवा त्याहून कमी असतात. शिवाय शेपटी नसूनही ती हलवायचे स्नायू शाबूत. हीच खूण वायव्य अमेरिकेच्या थंड ओढ्यांतल्या ॲस्काफस बेडकांमध्येही सापडते. हे दोघे एकमेकांचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग, आणि उरलेले सगळे बेडूक या जोडीपासून दूरच्या शाखेवर, यावर आता फारसं दुमत नाही. भांडण आहे ते कुळाच्या सीमेचं. २००६ साली फ्रॉस्ट आणि सहकारी संशोधकांनी ॲस्काफसला लिओपेल्माच्या कुळातच घातलं, इतर अनेकांनी त्याला वेगळं ठेवलं. माझं मत दोन कुळांच्या बाजूने. ॲस्काफसच्या नराला शेपटीसारखा समागमाचा अवयव असतो, त्याचा बेडूकमासा तोंडाने खडकाला चिकटून जोरदार प्रवाहात टिकतो. आर्चीचं पिल्लू बेडूकमासा होऊन पाण्यात पोहतच नाही: ते ओलसर जागी अंड्यातून बाहेर येतं आणि बापाच्या पाठीवर चढून वाढतं. इतक्या वेगळ्या संसारांना एका छपराखाली कोंबून काय साधणार?

२.३०. प्रत्येक बेडूक जिथून उचलला त्याच पानावर, त्याच ओंडक्याशी परत. जागा हुकली तर नोंद वाया जाते आणि त्याचं बिऱ्हाड मोडतं.

सकाळी १०. झोप काढून संगणकावर फोटो जुळवणं. गेल्या वेळच्या एकाची नक्षी आजच्या फोटोशी जुळली की सगळी टीम खुर्च्या ओढून भोवती बसते. न्यूझीलंडच्याच मॉड बेटावरच्या नातलगांत तीस वर्षांहून जास्त जगलेले बेडूक नोंदले गेले आहेत, म्हणून हे काम वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. त्या बेटावरची जात १९९८ साली वेगळी ठरवली होती. आता बरेच जण तिला याच वंशातल्या हॅमिल्टनच्या बेडकातच धरतात.

दुपारी १. अहवालाचा मसुदा. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने वंशवृक्षावर एकाकी आणि धोक्यात असलेल्या उभयचरांची यादी केली, तीत आर्चीचा बेडूक पहिला. वर्गीकरण नुसतं कागदावरचं असतं तर त्याला हा क्रमांक मिळालाच नसता. माणूस या बेटांवर पोचल्यावर लिओपेल्माच्या तीन जाती गेल्या, त्यांची फक्त हाडं सापडतात. मॉडची जात हॅमिल्टनमध्ये धरली, तर जिवंत उरल्या तीन.