पक्षी उडून जातो, मग फोटो काढायचा कसा?

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलाला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय, पण जवळ गेलं की पक्षी भुर्रकन उडतो. मोठी लेन्स घ्यावी का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जवळ जाणं थांबवा, लेन्सचं नंतर बघू.

प्रत्येक पक्ष्याचं एक सुरक्षित अंतर असतं. ते ओलांडलं की तो उडणारच. भूगावच्या बसथांब्यावरची साळुंकी आपल्याला अगदी पायाशी येऊ देते, कारण तिला माणसांची सवय आहे. तेच मानस तलावाकडे तारेवर बसलेला खंड्या बघा. गाडी थांबवली तरी तो बसून राहतो, पण दार उघडून पाय खाली टेकवला की गेलाच! गंमत आहे ना? पक्षी गाडीला सहसा भीत नाही, तो माणसाच्या आकाराला आणि हालचालीला भितो. बहुतेक लाजऱ्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. आपण गुपचूप मागून जातोय, हा आपला गैरसमज. त्यात आपण सरळ रेषेत, टक लावून बघत जातो. शिकारी प्राणीही असाच येतो.

इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी यावर उपाय म्हणून चक्क पोकळ बैल बनवला होता. त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसायचं! आपल्याला बैलाची गरज नाही. गाडीची काच आहे, घराची खिडकी आहे.

सुरुवात घरातूनच करा. गॅलरीत किंवा गच्चीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवा, जवळ एखादी वाळकी फांदी बांधा. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही, आधी फांदीवर बसून अंदाज घेतो. फोटो तिथेच मिळतो. पुस्तकांच्या चळतीला टेकवून मोबाइल खिडकीत ठेवा आणि पडद्याआड बसा. तारेचा इअरफोन जोडला तर बऱ्याच फोनमध्ये आवाजाच्या बटणावर फोटो निघतो, हात हलवावा लागत नाही. पहिले तीन-चार दिवस कोणीच येणार नाही. मुलं कंटाळतील, कंटाळू द्या. मग बुलबुल येईल, दयाळ येईल, हिवाळ्यात शेपटी थरथरवणारा थिरथिरा कुंपणावर दिसेल. फ्लॅश बंद ठेवा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसलाय, आणि तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो.

तलावावर जायचं तर सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून. खंड्या पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, म्हणून तो नसताना जाऊन थोड्या अंतरावर बसून राहायचं. जवळ सरकायचंच असेल तर तिरकं, थांबत थांबत. पक्ष्यानं खाणं थांबवून मान ताणली, की आपण मागे यायचं.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर मुलांना टिटवीची चार अंडी दिसली. खडीत मिसळून जाणारी, उघड्यावर घातलेली. मला केवढा आनंद झाला! प्रत्येकाला फोटो मिळावा म्हणून आम्ही आळीपाळीनं जवळ गेलो. टिटवी ओरडत होती, पंख मोडल्यासारखी फरफटत होती. आम्ही त्याचेही फोटो काढले. आपल्याला अंड्यांपासून लांब न्यायला ती हे नाटक करते, हे मला माहीत होतं. तरी थांबलो नाही. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते, हे मात्र मी नंतर वाचलं. आम्ही भर उन्हात पंधरा-वीस मिनिटं तिला तिथे येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोनच अंडी होती. कावळ्यानं नेली की मुंगसानं, सांगता येणार नाही. पण जागा आम्ही दाखवली असणार, असं मला आजही वाटतं. एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्यामुळे?" मी हो म्हणालो.

घरटी आणि अंडी यांना धक्का लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. कायदा बाजूला ठेवला तरी घरट्याचा फोटो आमच्या वर्गात आता चालत नाही. चुकून घरटं दिसलंच तर आल्या वाटेनं परतायचं, आणि जागा ग्रुपवर टाकायची नाही.

वहीत पक्ष्याचं नाव, वेळ, जागा यांच्यापुढे आम्ही एक रकाना वाढवलाय: 'आपण निघालो तेव्हा पक्षी काय करत होता?' 'उडून गेला' लिहिलं असेल तर फोटो कितीही स्पष्ट असो, गुण कमी. उपक्रमही मे महिन्यातून हलवून पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरला घेतो. तेव्हा टिटवीची अंडी सहसा नसतात आणि थंडीचे पाहुणे येऊ लागलेले असतात.