मेंदूचे पहारेकरी

बोटांत कांटा रुतला म्हणजे काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. ती जागा लाल होते, सुजते, ऊन लागते आणि ठणकूं लागते. सुमारें २,००० वर्षांपूर्वीं सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें दाहाचीं हींच चार लक्षणें लिहून ठेविलीं. दाह हा वस्तुतः शरीराचा मित्र होय. बाहेरून शिरलेल्या जंतूंशीं लढावयास रक्तांतील पांढऱ्या पेशी धांवून येतात, त्यांचीच ती गडबड असते. परंतु मेंदू कवटीच्या पेटींत बंद. तेथें असा दाह फारसा होत नसावा, असा समज पुष्कळ काळ होता. तो कसा दूर झाला आणि वार्धक्यांतील विस्मृतीशीं त्याचा काय संबंध आहे, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

हा विषय आम्हांस केवळ पुस्तकी नाहीं. आमच्या मातुःश्री शेवटचीं कांहीं वर्षें एकच प्रश्न दिवसांतून दहा वेळां विचारीत. “आई, आतांच सांगितलें ना तुला!” असें आम्ही त्यांच्यावर खेंकसत असूं. तो हट्ट नव्हे, रोग होता, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

प्रथम ह्या पहारेकऱ्यांची ओळख करून घेऊं. विचार व स्मृति ज्यांच्यामुळें चालतात त्या मज्जापेशींच्या भोंवतीं मेंदूंत दुसऱ्याहि पेशी असतात. त्यांपैकीं अगदीं लहान, नाजूक फांद्यांच्या एका जातीस स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ ओर्तेगा ह्यांनीं १९१९ सालीं माद्रिद येथें स्पष्टपणें वेगळें करून दाखविलें व मायक्रोग्लिया हें नांव दिलें. साध्या रीतीनें त्या सूक्ष्मदर्शक यंत्रांत नीट दिसत नसत. रुप्याच्या क्षारानें त्या रंगविण्याची युक्ति त्यांनीं शोधून काढिली. मेंदूस इजा झाली कीं ह्या पेशी फांद्या आंखडून फुगीर होतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळून टाकतात, हें त्यांनीं ओळखिलें. पुढें १९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें. ओर्तेगा पॅरिस, ऑक्सफर्ड व ब्युनॉस आयरीस असे फिरत राहिले आणि १९४५ सालीं परदेशींच निवर्तले.

कॅनडांत व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विश्वविद्यालयांत पॅट्रिक व एडिथ मॅक्‌गीर ह्या पतिपत्नींनीं हा धागा पुढें नेला. पति १९४८ च्या ऑलिंपिक सामन्यांत कॅनडाकडून बास्केटबॉल खेळलेले, पत्नी रसायनशास्त्रज्ञ. कंपवात व अल्झायमर ह्या रोगांनीं मृत्यु पावलेल्यांचे मेंदू त्यांनीं तपासले. जेथें मज्जापेशी नाश पावल्या होत्या, तेथें मायक्रोग्लिया खवळलेल्या स्थितींत होत्या आणि रोगाशीं लढणाऱ्या पेशींची खूण त्यांच्यावर होती, असें त्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे मेंदूंतहि दाह होतो; परंतु तो कांट्याच्या सुजेप्रमाणें दोन दिवसांत शमत नाहीं, वर्षानुवर्षें धुमसत राहतो. शेतांत शिरलेल्या डुकरांमागें धांवतांना राखणदारांनींच उभें पीक तुडवावें, तशी ही गत होय.

१९९० सालीं मॅक्‌गीर ह्यांनीं आणखी एक गोष्ट मांडली: संधिवाताच्या रोग्यांत अल्झायमर कमी आढळतो. हे रोगी दाहशामक औषधें वर्षानुवर्षें घेत. मग तींच औषधें मेंदूचें रक्षण करीत असतील काय? तर्क मोहक होता. अमेरिकेंत २००१ सालीं सुमारें २,५०० वृद्धांवर त्याची परीक्षा सुरू झाली. सुरक्षिततेविषयीं शंका आल्यामुळें २००४ सालीं औषध देणें थांबवावें लागलें, आणि त्यानें रोग टळतो असेंहि दिसून आलें नाहीं. म्हणून कोणींहि स्मृतीसाठीं घरच्या वृद्धांस अशा गोळ्या आपल्या मनानें देऊं नयेत. त्या पोटास व हृदयास अपाय करूं शकतात.

तर्क फसला, तरी मूळ शोध फसला नाहीं. २००५ सालीं जिवंत उंदरांच्या मेंदूंत पाहतां असें दिसलें कीं, ह्या पेशी शांत वाटतात तेव्हांहि आपल्या फांद्या हालवून सारखी टेहळणी करीत असतात. २०१३ सालीं असें आढळलें कीं, मायक्रोग्लियांच्या कामाशीं संबंध असलेल्या एका आनुवंशिक घटकांत विशिष्ट दोष असल्यास अल्झायमरचा धोका वाढतो. पहारेकरी फार खवळले तरी हानि, आणि ढिले पडले तरी हानि! त्यांस केव्हां शांत करावें व केव्हां जागें करावें, हाच आज संशोधकांपुढील प्रश्न आहे.

विद्यार्थिमित्रांनो, एकानें लावलेला शोध दुसऱ्यानें सत्तर वर्षांनीं पुढें न्यावा, आणि चुकलेला तर्कहि प्रांजळपणें टाकून द्यावा, ही विद्येची रीत येथें दिसते. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, घरांतील वडील माणसें वारंवार विसरूं लागलीं तर “म्हातारपण आहे” म्हणून स्वस्थ बसूं नये. वेळीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि तुम्हां मुलांस सांगणें हें कीं, आजीनें तोच प्रश्न अकराव्या वेळां विचारिला, तरी पहिल्या वेळेप्रमाणेंच उत्तर द्या. आमच्या हातून तें झालें नाहीं. तुमच्या हातून व्हावें.