पुष्पिकेवांचून कालनिर्णय : प्लास्टिकचा भोवरा

ज्या पोथीस पुष्पिका नाहीं, तिचा काल आपण अंतःप्रमाणांवरून ठरवितों. साच्यांतून हजारोंनीं निघालेल्या, अंतराळचित्रांच्या प्लास्टिकच्या भोवऱ्यासही हाच न्याय लागतो. त्यावर चार लांब शलाकांचा गोल, म्हणजे स्पुटनिक, असेल, तर ४ ऑक्टोबर १९५७ ही पूर्वमर्यादा. सव्वीस पृष्ठांचा आर्यभट उपग्रह असेल, तर १९ एप्रिल १९७५. उत्तरमर्यादा मात्र चित्रावरून मिळत नाहीं. कारण पोलादी साचा वर्षानुवर्षें चालतो.

हा साचा म्हणजे मातृकाच. वितळलेलें प्लास्टिक दाबानें त्यांत शिरतें. दोन अर्धांच्या सांध्याची रेघ व रस शिरल्या जागेचा ठिपका प्रत्येक नगावर राहतो. साच्यास चीर पडली कीं ती पुढील नगांत उतरते, जसा लेखकाचा प्रमाद पुढील प्रतींत. एकाच साच्याच्या नगांचा पूर्वापरक्रम यावरून लावतां येतो.

प्राप्तिस्थान म्हणजे निर्मितिस्थान नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. त्याच्या सोलापुरांतील अक्कलकोट रोड वसाहतीची ख्याति चादरी-टॉवेलांची आहे. तेथें असा भोवरा सांपडला, तरी तो तेथेंच घडला असें म्हणण्यास त्यावर उठविलेलें कारखान्याचें नांव पाहिजे.

पोथी वाळवी खाते. भोवरा भंगारांत जाऊन वितळतो व त्याची बादली होते. मग पुरावा उरत नाहीं. यास्तव संग्राहकांनीं मोडका नगही टाकूं नये; रेघ, ठिपका आणि चीर त्यावरही वाचतां येतात.