टाक्यांजवळची गाठ

सिझेरियन झालेली बाई वर्षा-दोन वर्षांनी जुन्या व्रणाशेजारी बोट ठेवून सांगते, "इथे गाठ लागते, आणि ठणकते." डॉक्टर घाईतले असले तर टाक्याचा दोरा राहिला असेल, नाहीतर हर्निया असेल, असे म्हणून गोळ्या लिहून देतात. सासूबाईंचे निदान त्याहून झटपट: "बाळंतपणात वारा बाधला!" मात्र कोणत्या तारखांना ठणकते, हे कोणीच विचारीत नाही. पाळीचा विषय काढायला बाई लाजते आणि बरोबर आलेला नवरा छताकडे पाहत राहतो.

शस्त्रक्रियेत गर्भाशय उघडताना त्याच्या अस्तरातील काही पेशी कधीकधी पोटाच्या भिंतीत सांडतात व तेथेच रुजतात. रुजल्या तरी माहेरची रीत सोडीत नाहीत! दर महिन्याला गर्भाशयाबरोबर त्याही फुगतात, त्यांतून रक्त झिरपते. पण बाहेर पडायला वाट नसल्याने गाठ ताणते आणि दुखते. हा एंडोमेट्रिऑसिसचाच एक प्रकार. शंभर सिझेरियनांत एकीलाही तो क्वचितच होतो. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा २१.५ जन्म सिझेरियनने झाल्याचे आढळले. एवढ्या मोठ्या देशात त्या 'क्वचित'च्याही पुष्कळ बायका होतात.

दुधाचा खाडा आपण कॅलेंडरवर मांडतोच. तशीच ठणक्याच्या दिवशी फुली करावी. दोन-तीन महिन्यांत फुल्या पाळीभोवती गोळा झाल्या, तर निम्मे निदान घरीच झाले. अर्थात कित्येकींना सततच दुखते. तेवढ्यावरून हा विकार नाही असे ठरत नाही.

पुढे सोनोग्राफी, आणि शंका उरल्यास एम.आर.आय. व सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी. एवढा खटाटोप का? तर बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंत डेस्मॉइड नावाची दुसरी गाठही होऊ शकते. १८३२ मध्ये मॅकफार्लेन यांनी तिचे प्रथम वर्णन केले. ती शरीरात इतरत्र पसरत नाही, पण शेजारच्या स्नायूंत शिरते. हाताला दोन्ही गाठी सारख्याच टणक, उपाय मात्र निराळे. डेस्मॉइडवर आज बहुधा आधी नुसती नजर ठेवतात. अस्तराची त्रासदायक गाठ भोवतालच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागासह काढतात. थोडी राहिली तर पुन्हा वाढते. तीत कर्करोग निघणे अतिशय विरळा. तरी काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी, आणि तो कागद बाळंतपणाच्या कागदांतच ठेवावा.