हे मशीन कोणाचं? टॅगबद्दलचे पाच गैरसमज

खऱ्याखुऱ्या सर्व्हरला निदान जागा असते. रॅकपाशी जाऊन त्यावर चिकटवलेली पट्टी वाचता येते. व्हर्च्युअल मशीनचं तसं नाही. ते काही मिनिटांत तयार होतं आणि तयार करणारा नोकरी सोडून गेला तरी चालूच राहतं. मग कधीतरी यादी चाळताना प्रश्न पडतो: हे कोणाचं? बंद केलं तर कोणाचं काम अडेल? या प्रश्नांची उत्तरं मशीनच्याच नोंदीत मिळावीत, यासाठी टॅग, म्हणजे मशीनला जोडलेल्या छोट्या खुणा, असतात.

गैरसमज १: नाव नीट ठेवलं की टॅग लागत नाहीत.
वस्तुस्थिती: चाचणीसाठी केलेलं मशीन प्रत्यक्ष वापरात गेलं की नावातली माहिती खोटी ठरते. पण स्क्रिप्ट आणि नोंदी त्याच नावावर बेतलेल्या असल्याने ते बदलायला कोणी धजत नाही. फोल्डरही अपुरे पडतात, कारण एक मशीन एका वेळी एकाच फोल्डरात बसतं. व्हीएमवेअरने २०१२ साली व्हर्च्युअल मशीन चालवण्याच्या आपल्या व्हीस्फिअर प्रणालीच्या ५.१ आवृत्तीत टॅग आणले. त्यात प्रत्येक टॅग एखाद्या कॅटेगरीत असतो आणि त्या कॅटेगरीतला एकच टॅग लावता येईल की अनेक, हे कॅटेगरी करतानाच ठरवतात. मशीन चाचणीचं की प्रत्यक्ष वापराचं, याला उत्तर एकच हवं. तिथे 'एकच' निवडावं.

गैरसमज २: टॅग फक्त शोधायला उपयोगी.
वस्तुस्थिती: टॅगवर प्रत्यक्ष कामं चालतात. व्हीस्फिअरमध्ये डेटास्टोअरच्या, म्हणजे साठवणीच्या जागेच्या, टॅगवरून डिस्क कुठे ठेवायची याचं धोरण लिहिता येतं. बॅकअपची कामंही टॅगवरून मशीन निवडू शकतात. तिथे टॅग लावायचा राहिला, तर बॅकअपही राहिला. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसमध्ये, टॅग पाहून प्रवेशाची परवानगी देता येते. म्हणून टॅग कोण बदलू शकतो, हा सुरक्षेचाही प्रश्न आहे.

गैरसमज ३: वर लावलेला टॅग खाली आपोआप उतरतो.
वस्तुस्थिती: ॲझ्युअर या क्लाउडमध्ये रिसोर्स ग्रुपचा टॅग आतल्या रिसोर्सना आपणहून लागत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लावावी लागते. टॅग मशीनसोबत आपोआप प्रवासही करत नाही. व्हीस्फिअरचे टॅग व्हीसेंटर या व्यवस्थापन सर्व्हरच्या नोंदीत असतात, मशीनच्या फाइलींत नसतात. मशीन दुसऱ्या, स्वतंत्र व्हीसेंटरमध्ये नेलं तर टॅग मागेच राहतात. स्थलांतराच्या यादीत ही ओळ हवीच.

गैरसमज ४: जितके टॅग, तितकी शिस्त.
वस्तुस्थिती: एडब्ल्यूएस एका रिसोर्सला ५० टॅग लावू देतं, पण ५० जागा भरत बसायला वेळ कोणाला आहे? शिवाय तिथे इंग्रजी मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानलं जातं. दोघांनी एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला की दोन टॅग होतात आणि अहवाल फुटतो. मालक, वापर, ॲप्लिकेशन, खर्चाचं खातं आणि संपण्याची तारीख एवढ्यावर सुरुवात करावी आणि प्रत्येकात चालणारी मूल्यं आधी लिहून ठेवावीत. टॅगमध्ये पासवर्ड किंवा कोणाची खासगी माहिती मुळीच नको. टॅग बऱ्याच जणांना दिसतात.

गैरसमज ५: टॅग सवडीने लावता येतील.
वस्तुस्थिती: एडब्ल्यूएसच्या बिलात टॅगनुसार खर्च हवा असेल, तर नुसता टॅग लावून भागत नाही, बिलिंगमध्ये तो सुरूही करावा लागतो. ज्या काळात टॅगच नव्हता, त्या काळाचा खर्च नंतर त्याच्या नावावर पडत नाही. म्हणून मशीन जन्मतं त्या टेम्प्लेटमध्ये किंवा स्क्रिप्टमध्येच टॅग सक्तीचे करावेत. आज ज्याने मशीन मागितलं, त्याला जे एका मिनिटात सांगता येईल, ते पुढे शोधायला दिवस लागतात.

आणि 'मालक' या टॅगमध्ये माणसाचं नाव लिहू नये, टीमचं लिहावं. माणूस नोकरी बदलतो. 'हे मशीन कोणाचं?' असं रात्री दोन वाजता कोणी विचारलं, तर टीमपैकी कोणीतरी उत्तर द्यायला असतं.