पिन ओढल्यावर कोण येतं?

पर्सनल अलार्म घ्यायला गेलं की पहिल्यांदा डेसिबल ऐकवले जातात. १२०, १३०, एखाद्या खोक्यावर १४०सुद्धा. या आकड्यांवर निवड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज किती अंतरावरून मोजला, हे खोक्यावर बहुधा नसतंच आणि सगळी गोम तिथेच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे एका मीटरवरचे १२० डेसिबल शंभर मीटरवर ८०च्या आसपास येतात आणि सायन-पनवेल महामार्गालगत ट्रकच्या घरघरीत तेवढा आवाज सहज बुडतो.

माझी भाची शिफ्टमध्ये काम करते. रात्री मेट्रोने पेठपाड्याला उतरते आणि पुढे चालत घरी येते. सिडकोने खारघरचे रस्ते ऐसपैस आखले, दिवसा त्याचं सुख वाटतं. रात्री मात्र दोन सोसायट्यांच्या मध्ये रिकामा प्लॉट, त्याला पत्र्याचं कुंपण आणि हाकेच्या टप्प्यात कुणी नाही, असे पट्टे लागतात. तिच्यासाठी अलार्म निवडताना आम्ही आवाजापेक्षा हाताचा विचार जास्त केला.

बटणाचा अलार्म आधी चाचपून शोधावा लागतो, मग दाबावा लागतो. घाबरलेल्या, घामेजलेल्या बोटांना ते जमेलच असं नाही. शिवाय हिसकावून घेणाराही तेच बटण दाबून तो बंद करू शकतो. पिनवाला म्हणूनच बरा. दोरीच्या टोकाला छोटीशी पिन असते. ती ओढली की आतला स्विच जुळतो आणि पिझो चकती तीव्र, चिरका सूर लावते. कान सर्वांत तिखट असतात ते अशाच उंच सुरांना. पिन पुन्हा बसवेपर्यंत तो थांबत नाही. पिन आपल्या मुठीत आणि डबी झुडपात भिरकावलेली असेल, तर त्या माणसाने आधी ती शोधायची की पळ काढायचा?

बांधायची कशी, यावर घरात बराच खल झाला. शेवटी डबी बॅगेच्या पट्ट्याला, छातीच्या उंचीवर लावली. चालताना दोरीचा फासा मनगटात. बॅग ओढली गेली तर पिन आपोआप निघते आणि बॅग कोकलत जाते. लोकलच्या गर्दीत मात्र दोरी आत खोचायची, नाहीतर धक्क्याने पिन निघून अख्खा डबा दचकतो. पर्सच्या तळाशी, किल्ल्या नि छत्रीखाली पडलेला अलार्म काही कामाचा नाही.

मग खरी परीक्षा. भाची गेटच्या बाहेर, मी चौथ्या मजल्यावर. डबी कानापासून दूर धरून तिने पिन ओढली. खिडकी उघडी होती तोवर आवाज लख्ख आला. सरकती काच लावून पंखा सुरू केला, तर इतका बारीक झाला की मुद्दाम कान द्यावा लागला. खाली रस्त्यावर कुणी मान वर केली नाही. वॉचमनकाका खुर्चीतूनच म्हणाले, “गाडीचा वाटला, ताई.”

त्यांचं काय चुकलं? पार्किंगमधल्या बाइक रोजच अशा कोकलतात. म्हणून आम्ही तो आवाज त्यांना आणि तळमजल्यावरच्या घरांना मुद्दाम ओळखीचा करून दिला. ऐकू आला की काय करायचं, तेही ठरवलं: गॅलरीतले दिवे लावायचे, काकांनी शिट्टी फुंकत गेटबाहेर यायचं आणि एकाने ११२ फिरवायचा. अलार्म स्वतः कुणालाही फोन करत नाही. ते काम मोबाइलचं. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं झालं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. आपल्या फोनवर ते कसं चालतं, हे घरी बसून निवांत बघून ठेवावं.

सांभाळायचं फारसं नसतं. नव्या डबीत सेलजवळ प्लास्टिकची पट्टी असते, ती आठवणीने काढायची. सेल उतरले की सूर घोगरा होतो, म्हणून मधूनमधून क्षणभर वाजवून बघायचं. आणि इथला पाऊस लक्षात घेऊन जाळीत पाणी शिरलंय का, तेही पाहायचं.

हे सगळं चाललेलं असताना स्वयंपाकाच्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. रात्रीची शेवटची पोळी लाटून त्या याच पत्र्याच्या कुंपणाजवळून एकट्या जातात. दुसरा अलार्म त्यांच्यासाठी मागवला. त्यांच्या पिशवीला पट्टा नाही, म्हणून तो पदराच्या पिनेशेजारी अडकवला आणि पिन ओढायचा सराव त्यांनी आमच्या जिन्यातच केला.