वऱ्हाडच्या वाटेवरील काळी सायकल

यंत्राचा परिचय म्हणजे त्याच्या भागांची यादी, असा एक शिरस्ता आपल्याकडे पडून गेला आहे. परंतु सायकलीच्या बाबतीत तो अपुरा ठरतो, कारण भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल आणि माणसाच्या अंगाखाली धावू लागलेली सायकल या जणू दोन निराळ्या वस्तू होत. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या काळ्या, दांडीच्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या सायकलीची ओळख, ती स्वाराला आणि जमिनीला कसा प्रतिसाद देते या अंगानेच करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

हिचे कूळ इंग्लंडातील. १८८५ साली कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या उंचीच्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ काढली, आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेली रबरी धाव प्रचारात आणली. स्वातंत्र्याच्या आगेमागे आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळच्या अंबत्तूरची टी. आय., सोनीपतची अ‍ॅटलस आणि लुधियान्याची हीरो या कारखान्यांनी हीच घडण उचलली. वऱ्हाडात ती तलाठ्याच्या दप्तराखाली, टपालवाल्याच्या थैलीखाली, दूधवाल्याच्या कॅनांखाली आणि सरकीच्या ढेपेच्या पोत्याखाली सारख्याच निष्ठेने चालली.

स्वार होताच पहिली जाणीव होते ती जडपणाची. वीस किलोंच्या आसपास वजन, त्यातले बरेचसे चाकांत; त्यामुळे पहिली दोन-तीन पायडले ती जागची हलण्यास राजी नसते, आणि नवख्याला वाटते की ब्रेक कुठे तरी घासत असावा. पुढच्या दातेरी चक्राला बहुधा ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतात. म्हणजे पायडलच्या एका पुऱ्या फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे सरकते. मिनिटाला ५५ फेरे हा धडधाकट माणसाला बराच वेळ झेपणारा ठेका. त्या हिशेबाने ताशी १८ किलोमीटर पडतात आणि बडनेऱ्याहून अमरावतीचा राजकमल चौक अर्ध्या तासाच्या आसपास गाठता येतो. हा वेग एकदा हाती आला की जो जडपणा मघा खटकला होता तोच कामी येऊ लागतो: पाय थांबले, फ्रीव्हीलची किरकिर सुरू झाली, तरी सायकल आपल्या चाकांच्या भाराने लांबवर वाहत जाते, आणि बारीक खडे, डांबराचे उंचवटे, रस्त्यावर वाळत घातलेल्या पिकाचा भुसा यांची फारशी दखल न घेता आपली रेषा सांभाळते.

तिच्या स्वभावाचे मूळ पुढच्या चिमट्याच्या कलात आहे. शर्यतीच्या सायकलीचा चिमटा जमिनीशी सुमारे ७३ अंशांत उभा असतो, हिचा ६८ अंशांच्या आसपास निजलेला. आणि दोन चाकांमधले अंतरही हिचे पाच-सहा इंचांनी जास्त. चिमट्याच्या वरच्या नळीची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जेथे भिडेल, त्याच्या काही बोटे मागे पुढच्या चाकाचा जमिनीशी स्पर्श होतो, म्हणून चाक आपसूक गतीच्या मागोमाग येते. शर्यतीची सायकल खांद्याच्या नुसत्या कलाने वळते. हिला वळण आधी सुचवावे लागते, मग ती सावकाश, मोठा घेर घेऊन, पण घेतलेला कल न सोडता वळते. एका हातात उघडी छत्री धरून गर्दीतून जाणारे मास्तर वऱ्हाडातील प्रत्येक गावाने पाहिले आहेत; ते कसब मास्तरांचे खरेच, परंतु त्यातला मोठा वाटा चिमट्याचा आहे.

वळणाची एक गंमत प्रत्येक सायकलस्वाराच्या हातांना ठाऊक असते आणि बुद्धीला बहुधा नसते. उजवीकडे वळावयाचे तर हँडल क्षणभर डावीकडे जाते, त्यामुळे अंग उजवीकडे कलते, आणि मगच चाक उजवीकडे येते. रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने हे १८६९ मध्येच लिहून ठेवले होते. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा गुण सायकलीला उभी ठेवतो, अशी समजूत पुढे दीर्घकाळ चालली. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स यांनी तो गुण नाहीसा करणारे उलट फिरणारे चाक लावूनही सायकल चालवून दाखवली, आणि श्रेय चिमट्याच्या घडणीला दिले. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल येथील संशोधकांनी या दोन्ही गोष्टी काढून घेतलेली एक छोटी चौकट बनवली, तर तीही ढकलल्यावर स्वारावाचून तोल सावरत गेली. दीडशे वर्षांच्या अभ्यासानंतरही या यंत्राचा तोल कोणत्याही एका कारणाच्या स्वाधीन करता येत नाही, ही मला त्याची थोरवी वाटते.

तथापि सायकलीचा खरा कस जमिनीवर लागतो, आणि वऱ्हाडची काळी जमीन ही कठोर परीक्षक आहे. उन्हाळ्यात वावरांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पांदणीत बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. चाकोरीतून जाताना पुढचे चाक कडेला घासले की हँडल आपोआप थोडे हिसडते. त्या वेळी मूठ आवळली तर माणूस हमखास पडतो, आणि कोपर सैल ठेवले तर सायकल आपली वाट आपणच शोधते. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते पऱ्हाटी वेचून आणणाऱ्या पोरांच्या मनगटांत आहे. पावसाळ्यात हीच माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की थोड्याच अंतरावर चाक जागच्या जागी आवळले जाते. मग काडी घेऊन चिखल कोरून काढावयाचा, आणि तेही साधले नाही तर सायकल खांद्यावर घेऊन धुऱ्याने चालावयाचे. बाभळीचा काटा शिरला की आवाजाआधी अंगाला कळते: मागचे चाक डावी-उजवीकडे पोहू लागते, बैठक मऊ पडते, आणि पुढच्याच खड्ड्यात रिमचा कठीण ठोका थेट मणक्यापर्यंत येतो.

पावसात आणखी एक जाणीव ठेवावी लागते. हिच्या रॉड ब्रेकची रबरे रिमच्या आतल्या अंगाला खालून वर दाबली जातात; रिम ओली झाली की ती नुसती घसरत राहतात. म्हणून जुने स्वार थांबण्याची तजवीज आधीपासून करतात.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करीत अकोल्यापर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. नकाशावर तो किंचित उताराचा, कारण अकोला अमरावतीपेक्षा पन्नास-साठ मीटरांनी खाली. पण आषाढात पश्चिमेचा वारा समोरून छातीवर येतो तेव्हा तो उतार जमेस धरण्याजोगा राहत नाही. हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा अडसर चौपट होतो, आणि ताठ बसविणाऱ्या या सायकलीवर तो सगळा अंगावरच घ्यावा लागतो. परतताना तोच वारा पाठीशी असतो. याच महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक पदरी डांबरी वाट सलग अंथरली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. असा ताजा पृष्ठभाग टायरखाली आला की हँडलमधली बारीक थरथर थांबते आणि साखळीचा आवाज प्रथमच स्पष्ट ऐकू येतो. पण भरधाव ट्रक सायकलस्वाराला कडेला रेटतात. ट्रकच्या हवेचा आधी धक्का बसतो, मग ओढ लागते, आणि त्या वेळी हिची लांब चौकट व जड चाके यांचे मोल कळते.

हिची प्रकृती राखणारा कारागीर अजून आहे. त्याच्या हातची एक परीक्षा अवश्य पाहावी. पुढच्या चाकाचे छर्रे धुऊन, ग्रीस भरून, कोन बेताने कसल्यावर तो चाक उचलून धरतो आणि हलकेच सोडून देतो. कोन नेमका बसला असेल तर चाक थांबण्यापूर्वी मागे-पुढे झुलते आणि व्हॉल्व्हची जड बाजू स्वतःच्या भाराने तळाशी येते. एखादा धागाभर जास्त आवळला असेल तर चाक मध्येच कुठेही अडकून थांबते. मग तो आऱ्यांवर बोट फिरवून सुरांवरून सैल आरा ओळखतो आणि आउट काढतो. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात तळव्याला एकच टिचकी जाणवत असेल, तर चालवूनही न पाहता तो कॉटर पिनकडे बोट दाखवतो.

हलक्या, अनेक गिअरांच्या सायकली चिखलदऱ्याच्या घाटाला निःसंशय अधिक योग्य. तेथे काळ्या सायकलीवरून उतरून चालावेच लागते. परंतु सपाट मुलखात, ओझे घेऊन, खराब वाटेने रोज जाणाऱ्यासाठी हिच्याइतकी शांत आणि भरवशाची सायकल दुसरी नाही, असे माझे मत आहे. ज्यांच्या वाड्यात अशी सायकल धूळ खात उभी असेल, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा कारागिराकडे न्यावी. छर्रे, कॉटर पिना, ब्रेकची रबरे आणि दोन टायर-ट्यूब एवढ्यावर बहुधा काम भागते, आणि पावसाळा सरून पांदणी वाळल्या की दसऱ्याच्या सुमारास तिच्यावर बसायला हरकत नाही.